आईपासून वीतभर

भिंगरी हे नाव तिला फिटरकाकांनी दिलं, आणि तेही याच सुट्टीत. त्याआधी ती घरात ‘बाळ’ होती आणि शाळेत सदतीस नंबर. उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही, बाईंनी उभं केलं तर बाकाच्या कडेशी बोलायचं, असा सगळा मामला. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी वर्गातली हुकमी वक्त्री घसा बसून घरी राहिली, बाईंनी हिलाच पुढे ढकललं, आणि ही स्टेजवर जी सुटली ती घंटा वाजवली तरी थांबेना. बक्षीस मिळालं. तोंडाचं कुलूप निघालं ते किल्लीसकट कुठे पडलं कोणास ठाऊक. आता ती सकाळी दात घासतानासुद्धा फेसातून बोलायची.

“घरी बसून भिंतींचे कान किटवण्यापेक्षा माझ्याबरोबर चल,” आई म्हणाली. “तिथे निदान कान झाकायला मिळतात.”

आईच्या प्रयोगशाळेत खरंच कान झाकावे लागत. पत्र्याच्या छपराचा लांबलचक हॉल, त्यात कमरेच्या उंचीवर आडवा बसवलेला पोलादी बोगदा, आणि बाहेरच्या अंगणात रेल्वेच्या डब्याएवढ्या दोन टाक्या. कॉम्प्रेसर सकाळी आठपासून त्यांत हवा कोंबत बसायचा. अकरा वाजता आई व्हॉल्व्ह उघडायची, की ती सगळी हवा आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने बोगद्यातून निघायची आणि बारा सेकंदांत खलास. तीन तास फुगायचं, बारा सेकंदांत संपायचं. “आमच्या साहेबांच्या रागासारखं,” फिटरकाका म्हणायचे. काकांचा उजवा अंगठा कुठल्याशा जुन्या मशीनने चपटा केला होता, आणि निवृत्तीला त्यांचे सात महिने उरले होते.

बोगद्याच्या मधला हातभर लांबीचा तुकडा बदलता यायचा. तो डक्ट, म्हणजे हवेची पोकळ वाट. डक्टचा आकार बदलला की आत काय बदलतं, हे आई सहा वर्षं मोजत होती. एवढ्या वेगाच्या हवेला कुठेतरी एकदम लगाम लागतो, आणि जिथे लागतो तिथे कागदाहून पातळ असा एक पडदा उभा राहतो. त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथून हवा येते तिकडे, सगळं सुसाट. खालच्या अंगाला सगळं दाट, गरम, संथ. या पडद्याला शॉक म्हणतात. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही, पण डक्टच्या काचेतून दिवा सोडून आरशांनी टिपला की पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

आईने हे तिला डब्याच्या वेळी वाटीवर शिकवलं. काकांच्या ड्रॉवरमधला एक छर्रा तिने रिकाम्या वाटीत टाकला.

“डक्ट खाली जाताना रुंद होत गेला, तर शॉक असा बसतो. ढकल त्याला. बघ, आला की नाही परत जागेवर? आता डक्ट अरुंद होत गेला तर?” तिने वाटी पालथी घातली आणि छर्रा वर ठेवला. तो क्षणभरही टिकला नाही, कपाटाखाली गेला. “संपलं. वर पळत सुटतो आणि बोगद्याच्या तोंडातून बाहेर. तोफ उडाल्यासारखा आवाज होतो.”

“आणि डक्ट चौकोनी असला तर?”

“कोपऱ्यांत हवा रेंगाळते, मागच्या बाकावरच्या पोरांसारखी. मग एकाऐवजी पाच-सहा शॉकांची रांग लागते. म्हणून तर काका कोपरे गोल करत बसलेत.” आईने वाटी पुसली. “एक मात्र नीट लक्षात ठेव. शॉकच्या खालून वर काहीही जात नाही. आवाज नाही, धक्का नाही, बातमी नाही. खाली कोणी कितीही बोंब मारली तरी वर पत्ता नसतो.”

“म्हणजे तुझ्यासारखंच. मी एवढी बोलते, तरी तू—”

“काय म्हणालीस?” आई म्हणाली, आणि दोघी खिदळल्या.

काकांनी दोन महिने घासून नवा डक्ट केला. वरचं तोंड तीस मिलिमीटर, खालचं एकतीस. चारही कोपरे हाताने गोल केलेले. नुसत्या डोळ्याला दोन्ही तोंडं जुळी बहिणी. काका डक्टवर कधी ठोकून खूण करत नसत, कारण ठोकलं की आतला पृष्ठभाग केसभर उचलतो आणि हवेला तेवढाही केस खुपतो. ते बाहेरून रंगाच्या पेनने एक बाण काढायचे, हवा कुठून कुठे जायची ते सांगणारा. वीस वर्षं तो बाण म्हणजे काकांची सही होती. त्यावर कोणी मोजपट्टी लावत नसे.

डक्ट बसवायच्या आदल्या दिवशी त्यावरचं तेल पुसायचं काम भिंगरीला मिळालं. तिने फडकं थिनरमध्ये बुचकळलं आणि अशी काही पुसापुशी केली की डक्ट आरशासारखा झाला. तेल गेलं. बाणही गेला.

गेल्या वर्षीची ती असती तर रडवेली होऊन काकांना शोधत गेली असती. या वर्षीच्या भिंगरीने डोळे मिटले, बाण खिडकीकडे होता हे आठवलं, पेन उचललं आणि बाण काढला. काकांच्या बाणाहून सरळ आला, याचं तिला कौतुकही वाटलं.

डक्टच्या छताला पंधरा बारीक छिद्रं होती आणि प्रत्येकाला दाब मोजणारा एकेक गेज. आईच्या गणिताने शॉक बाराव्या छिद्राशी बसायचा होता. पहिल्या दिवशी तो नवव्याशी उभा राहिला. आईने आकडे तपासले. दुसऱ्या दिवशी सगळं तसंच ठेवून पुन्हा व्हॉल्व्ह उघडला, तर सहाव्याशी. तिसऱ्या दिवशी तिसऱ्याशी.

“पळाला असता तर समजलं असतं,” आई म्हणाली. “बसला असता तरी समजलं असतं. हा रोज तीन छिद्रं चालतो.”

“पेन्शनीत निघालाय,” काका म्हणाले. “सकाळचा फेरफटका.”

चौथ्या दिवशी सगळ्यांनी कान घट्ट झाकून घेतले, कारण आता तो तोंडातून बाहेर पडणार आणि तोफ उडणार. बारा सेकंद गेले. काचेत स्वच्छ पांढरं होतं, एकही रेघ नाही. तोफ उडाली नाही. काकांनी कानांवरचे कप काढले, बोगद्याच्या वरच्या अंगाला वाकून पाहिलं आणि विचारलं, “मग गेला तरी कुठे?”

भिंगरीला मात्र तिसऱ्या दिवसापासूनच आपण काढलेला बाण आठवत होता. दुपारी आई जेवायला बसल्यावर तिने व्हर्नियर घेऊन डक्टचं वरचं तोंड मोजलं. एकतीस. तिने तीनदा मोजलं. मग काकांना जाऊन सांगितलं, आणि या वेळी ती खरंच बाकाच्या कडेशी बोलावं तसं बोलली.

काकांनी चपटा अंगठा कपाळाला लावला. “उलटा बसला तर. चार बोल्ट काढू, फिरवू, झालं. आईला सांगू नकोस एवढ्यात. तिच्या शिव्या खायचा पहिला मान माझा आहे, तो मी सोडणार नाही.”

डक्ट फिरवला. पाचव्या दिवशी शॉक बाराव्या छिद्राशी आला आणि वाटीतल्या छर्ऱ्यासारखा बसला. आईने सगळ्यांना चहा पाजला. भिंगरी चहा पिताना एक शब्द बोलली नाही, तेव्हा आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गोष्ट इथेच संपायला हवी होती.

व्हॉल्व्ह उघडण्याआधीची एक रीत होती. काका अंगणात टाकीपाशी उभे राहून पाइपावर पान्याने तीन ठोके मारायचे, म्हणजे ‘मी तयार’. हॉलमधून कोणीतरी दोन ठोके द्यायचे, म्हणजे ‘सगळ्यांचे हात बाहेर, सोडा’. दोन ठोके ऐकल्याशिवाय काका चाकाला हात लावत नसत. सहाव्या दिवशी तीन ठोके आले. भिंगरीने दोन दिले. पुन्हा तीन आले. तिने पुन्हा दोन दिले, जोराने. मग काकाच आले, घाम पुसत.

“झोपली होतीस का गं?”

“दोन्ही वेळा दिले, काका. हात दुखला माझा.”

काकांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. तिनेही ऐकले होते ते ठोके.

मग तिघांनी जे केलं ते शाळेतल्या प्रयोगासारखं होतं, आणि म्हणूनच भिंगरीला सुरुवातीला मजाही वाटली. काका टाकीपाशी, भिंगरी हॉलमध्ये पाइपाशी, आई मध्ये. भिंगरी ठोकत राहायची आणि आई पाइपाला कान लावून पावलापावलाने टाकीकडे जायची. भिंतीजवळच्या वळणाच्या एक पाऊल पुढे गेल्यावर ठोके सुरीने कापल्यासारखे बंद झाले. एक पाऊल मागे, ठक. एक पाऊल पुढे, काही नाही. काकांचे ठोके मात्र सगळीकडे ऐकू येत होते. वरून खाली येत होतं. खालून वर जात नव्हतं.

आईने पाइपावर खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी ती जागा टाकीच्या पोटाशी होती. तिसऱ्या दिवशी टाकीच्या पलीकडे, कॉम्प्रेसरच्या छपरात. आता पाइपाची गरजही उरली नव्हती. नुसतं उभं राहून बोललं तरी कळायचं. काका रेघेच्या वरच्या बाजूला उभे असले की भिंगरीने घशाची शीर ताणून ओरडलं तरी ते शांतपणे तपकीर ओढत राहायचे. ते बोलले की इकडे सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

“इथे हवासुद्धा हलत नाहीये,” आई खडूचं बोट पुसत म्हणाली. “शॉक कशाचा असणार?”

काका तिथेच उभे होते तेव्हा ती जागा त्यांच्या अंगावरून गेली. कानात दडे बसले आणि सुटले, बस. त्यानंतर ते भिंगरीच्या बाजूचे झाले.

“कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो ती जाळी आली की संपेल,” आई म्हणाली. “पुढे मोकळं आहे. मोकळ्यात गेल्यावर शॉक पसरतो आणि विरतो.”

जाळी होती मागच्या भिंतीला. तिच्यासमोर दोन उंच भिंतींमधली गल्ली, गल्लीच्या टोकाला कर्मचाऱ्यांच्या घरांची इमारत, आणि दुसऱ्या मजल्यावर भिंगरीचं घर. तिथे त्या दोघीच राहायच्या. बाबा जहाजावर, दर रविवारी फोनवर. जाळी ओलांडली, पण ती जागा विरली नाही. गल्लीत शिरली. रोज अकरा ते बारा या तासाभरात वीस पावलं, ना एक कमी ना एक जास्त.

आईने टेप मागवला. काकांनी एक टोक धरलं, भिंगरीने दुसरं. गल्ली जाळीपाशी तीन मीटर बारा सेंटीमीटर होती आणि इमारतीपाशी तीन मीटर अठरा. म्हणजे ती जागा ज्या दिशेने चालली होती तिथून पाहिलं, तर वाट खाली येताना अरुंद होत होती. पालथी वाटी.

“योगायोग,” आई म्हणाली.

मग तिने जिना मोजला. खालच्या पायरीपेक्षा वरची पायरी बोटभर रुंद. घरात दारापासून आईच्या टेबलापर्यंत जाणारा बोळ मोजला. दारापाशी एकशे अठरा, टेबलापाशी एकशे वीस. सहा वर्षं त्या बोळातून रोज ये-जा करून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. टेबलाच्या मागे आईची खुर्ची होती, आणि खुर्चीच्या मागे भिंत.

आईने वहीत आकडेमोड केली आणि वही मिटली. भिंगरीने ती उघडून पाहिली. शनिवार, दुपारी बारा.

“आपण दुसरीकडे जाऊ,” भिंगरी म्हणाली. “चार दिवस. मावशीकडे.”

“आणि तिला काय सांगू? बोळ दोन सेंटीमीटर अरुंद आहे म्हणून आलो?”

“आई, मस्करी नको.”

“मी मस्करी नाही करत. काकांना काय झालं? कानात दडे. इथे तर पुढे भिंत आहे. भिंतीला लागून संपेल.” तिने वही भिंगरीच्या हातातून काढून घेतली. “आणि मला बघायचंय गं.”

भिंगरीला तेव्हा सांगायचं होतं. बाण, थिनर, एकतीस मिलिमीटर, सगळं ओठांपर्यंत आलं होतं. जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं तिला नेमकं तेवढंच बोलता आलं नाही.

शनिवारी आई टेबल बाजूला सारून खुर्चीत बसली, भिंतीला पाठ लावून. काका दारात घड्याळ घेऊन. भिंगरी बोळात आईकडे तोंड करून उभी. ठरलं असं, की भिंगरीने बोलत राहायचं. ऐकू येतं तोवर आईचा हात वर. बंद झालं की खाली. हात खाली गेला की भिंगरीने एक पाऊल पुढे जायचं.

“काय बोलू?”

“हे तू मला विचारतेस?” आई म्हणाली.

भिंगरीने स्पर्धेतलं भाषण सुरू केलं. दुसऱ्या परिच्छेदाला आईचा हात खाली गेला. भिंगरीच्या कानात दडे बसले आणि सुटले. तिने पाऊल पुढे टाकलं. हात वर. भाषण संपलं, मग शाळेतल्या बाईंच्या नकला केल्या, मग पाढे म्हटले. हात खाली. पाऊल पुढे. हात वर. बोळ दहा पावलांचा होता. ऐकू यावं म्हणून तिला दर वेळी जास्त जवळ जावं लागत होतं, आणि जवळ जायला बोळ संपत आला होता.

शेवटी तिचे गुडघे आईच्या गुडघ्यांना लागले. ती वाकून बोलत होती. आईचा हात खाली होता.

“बारा वाजून दहा,” दारातून काका म्हणाले.

भिंतीला लागून संपायचं होतं ते. पण ती जागा आईपर्यंत आली आणि उभी राहिली. आईच्या चेहऱ्यापासून वीतभर. भिंगरीने तोंड वितीच्या आत नेलं, की आई मान डोलवायची. बाहेर काढलं, की नाही.

तासभर वाट पाहून आई उठली. चार पावलं चालली.

ती जागाही तिच्याबरोबर चालली.

कानांच्या डॉक्टरीणबाईंनी एक पोलादी नादकाटा गुडघ्यावर वाजवून आईच्या कानाजवळ धरला. कानाला टेकवला की ऐकू यायचा. हात लांब केला की गायब, हळूहळू कमी होत नव्हे, एकदम. आईला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, स्वतःची टाळीही. “कान ठणठणीत आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अंतराचा आजार काही मी शिकलेले नाही.” हे त्यांनी आईला म्हटलं. कळलं फक्त भिंगरीला.

घरी नवी रीत सुरू झाली. आईला काही सांगायचं, तर तिच्या गळ्यात हात टाकायचा आणि ओठ कानाला लावायचे. त्या रात्रीची भाजी बिघडली इथपासून सगळं. लहानपणीसारखं वाटायचं. काकांनी एकदा आईला गाडीत घालून शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर नेलं. डक्ट नाही, भिंत नाही, चारी बाजूंना मोकळं, इथे तरी सैल पडेल म्हणून. तिथे अंतर खरंच बोटभर वाढलं. भिंगरीने मैदानात उड्या मारल्या. परतीच्या वाटेवर गाडीत ते दोन बोटांनी कमी झालं.

वितीची चार बोटं झाली तेव्हा तिने सांगून टाकलं. कानाला ओठ लावून, डोळे मिटून, एका दमात. बाण मी काढला. उलटा काढला. माझ्यामुळे.

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “काकांचा बाण वाकडा असतो. तो सरळ दिसला तेव्हाच, पहिल्या दिवशी, मी तोंड मोजलं होतं.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“उलट्या डक्टमध्ये तो नवव्या छिद्राशी उभा राहिला, बाळ. उभा राहूच शकत नाही. मला बघायचं होतं कुठवर जातो.”

तीन बोटं.

पुढच्या रविवारी बाबांचा फोन आला. फोन कानालाच चिकटलेला असतो, म्हणून आतापर्यंत तो आईला ऐकू यायचा. या वेळी ती दोन वाक्यं बोलली, थांबली, पुन्हा “हॅलो” म्हणाली आणि फोन भिंगरीच्या हातात दिला. बाबा बोलतच होते.

मग कानाला ओठ लावूनही काही उपयोग होईना. भिंगरी मोठ्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहू लागली. आई वाचायची आणि तोंडाने उत्तर द्यायची. हे चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी आईने वही उलटी-सुलटी करून पाहिली.

“अक्षरं वाकताहेत,” ती म्हणाली. “पाण्याच्या तळाशी असल्यासारखी.”

भिंगरीने आणखी मोठी अक्षरं काढली. पानाला एक शब्द.

आईने वर पाहिलं. “तुझं तोंडपण.”

दुपारच्या उजेडात, योग्य कोनातून पाहिलं, तर भिंगरीलाही आता ते दिसायचं. आईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत, कातडीला जवळजवळ टेकलेली, केसाएवढी एक काळी रेघ. तिने एकदा बोटाने ती पुसायचा प्रयत्न केला. आई दचकली. कोणीतरी न सांगता अंगाला हात लावल्यावर माणूस दचकतं तशी.

काका रोज संध्याकाळी यायचे, दारात बसून तपकीर ओढायचे आणि जायचे. एकदा जाताना भिंगरीला म्हणाले, “आता तूच बोलत राहा गं. कुठून आत शिरेल सांगता येत नाही.”

म्हणून ती बोलत राहिली. स्पर्धेत बोलली होती त्याहून जास्त. घसा बसला तरी. आईच्या समोर स्टूल टाकून, गुडघ्याला गुडघा लावून, सकाळपासून. शाळेचं, मैत्रिणींचं, डक्टचं, माफीचं. आई तिच्याकडे पाहायची, कधी तिच्या खांद्याच्या जरा बाजूला.

बुधवारी दुपारी बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आई हसते आहे.

तीन आठवड्यांत पहिल्यांदा. भिंगरी पुढे वाकली. ती आणखी भराभर बोलू लागली.

आईने मान वळवली. मागे, भिंतीकडे.

“अगं हळू,” आई भिंतीला म्हणाली. “एकेक वाक्य बोल. किती बोलतेस.”

भिंगरी थांबली.

आई ऐकत होती. मान डोलवत होती. मध्येच “हो ना,” म्हणाली, मध्येच “असं कसं, तू मोजलं होतंस ना बाळ,” म्हणाली. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला होता. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

“आई,” भिंगरी म्हणाली.

आईने तिच्याकडे वळून पाहिलं. नीट निरखून, डोळे बारीक करून. मग नजर तिच्यावरच ठेवून, भिंतीला ऐकू जाईल एवढ्या हलक्या आवाजात तिने विचारलं,

“मग ही कोण गं, केव्हाची समोर बसली आहे ती?”

उत्तर बरंच लांबलचक असावं. आईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि हळूच दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.